ट्राउटसाठी पहिली पेटी: कुठली फ्लाय घ्यायची आणि कुठली दुकानातच ठेवायची

मलप्रभेत नाहीतर दूधगंगेत गळ टाकून बसणाऱ्याला आमिषाचं फारसं कोडं पडत नाही. गांडूळ, कणकेची गोळी, शिळ्या भाताचं शीत, यातलं काहीतरी चालतंच. माशाला वास येतो, तो चव घेतो, गिळतो आणि बूच खाली जातं. फ्लायचं तसं नाही. किड्याची नक्कल म्हणून हुकावर गुंडाळलेला दोरा, थोडी पिसं, थोडे केस, एवढाच तो ऐवज. त्याला वास नाही, चव नाही. ट्राउट ती तोंडात घेतो ती नुसत्या दिसण्यावर आणि वाहण्यावर. लबाडी कळली की क्षणात थुंकूनही टाकतो. त्यामुळे ‘कुठली फ्लाय लावू?’ हा प्रश्न नवख्याला डोंगराएवढा वाटतो, आणि विकणारे तो आणखी उंच करून ठेवतात.

पहिल्या दोन-तीन सहलींना आठ प्रकार पुरतात, मिळून पस्तीसेक नग. ते कुठले, कुठल्या नंबरचे आणि पाण्याकाठी त्यातून एक कसा उचलायचा, ते पुढे आहे.

आधी पाणी कुठलं ते ठरवा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ट्राउट नाही आणि सोडला तरी जगणार नाही. त्याला साधारण १० ते १६ अंश सेल्सियसचं, वाहतं, भरपूर प्राणवायूचं पाणी लागतं. २० अंशांच्या वर तो धापा टाकायला लागतो. आपल्या नद्या उन्हाळ्यात याच्या कितीतरी पुढे जातात. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या उंच डोंगरांत ब्रिटिश काळात सोडलेला रेनबो ट्राउट आहे, पण तिथलं बरंचसं पाणी राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव जंगलात येतं, परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही. त्यामुळे इकडच्या माणसाला सोयीचं पडतं ते हिमाचल: तीर्थन, सैंज, बरोटची उहल, रोहडूची पब्बर, सांगल्याची बास्पा. गोवा एक्सप्रेस बेळगावातून थेट दिल्लीला नेऊन सोडते, तिथून मनालीकडची बस धरून औटला उतरलं की तीर्थनचं खोरं जवळच. नऊ फुटी, चार तुकड्यांचा रॉड घेतला तर त्याची नळी बर्थखाली आरामात मावते.

हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तो अंडी घालायचा काळ. काश्मीरचा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर. दोन्हीकडे मत्स्य विभागाचा परवाना लागतो, आणि काश्मीरच्या काही पट्ट्यांत फक्त फ्लायच चालते. परवाना घेतानाच किती मासे, किती लांबीचे, कुठलं साधन, हे विचारून घ्या. नियम पाण्यागणिक बदलतात.

महिना ठरला की पेटीचा अर्धा निकाल लागतो. मार्च-एप्रिलमध्ये पाणी थंड आणि नितळ असतं, मासा तळाशी असतो. तेव्हा निम्फ जास्त, म्हणजे पाण्याखालच्या किड्यांच्या पिल्लांची नक्कल करणाऱ्या, बुडणाऱ्या फ्लाय. मे-जूनमध्ये बर्फ वितळतं, आणि दुपारनंतर नदी चढते, दुधाळ होते. अशा वेळी पहाटेपासून अकरापर्यंत काम उरकायचं आणि गढूळ पाण्यासाठी मोठी गडद फ्लाय जवळ ठेवायची. जुलै-ऑगस्ट पावसाचे, ते सोडून द्या. सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर नवख्याला सगळ्यात दयाळू: पाणी उतरलेलं, स्वच्छ, आणि वर येऊन खाणारा मासा डोळ्यांना दिसतो.

रंग शेवटी

नवखा माणूस पेटी उघडतो आणि रंग बघतो. ट्राउटचा हिशेब उलटा आहे. फ्लाय निवडायचा क्रम असा: आधी खोली, मग आकार, मग घडण, आणि रंग सगळ्यांच्या शेवटी.

खोली पहिली, कारण मासा जिथे खातोय त्या थरात फ्लाय नसेल तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग शून्य. थंड पाण्यात तो खाण्यासाठी फूटभरसुद्धा वर यायला कुरकुरतो. दुसरा आकार: १६ नंबरचे किडे वाहत असताना तुम्ही १० नंबरची फ्लाय सोडली तर ती नदीत हत्ती सोडल्यासारखी दिसते. हुकाचा नंबर जितका मोठा तितका हुक लहान, हे एकदा डोक्यात पक्कं करा. १८ म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, ८ म्हणजे बोटाच्या पेराएवढी. घडण म्हणजे बाजूनं दिसणारी सावली: उभे पंख, तंबूसारखे पंख, की पंखच नाहीत. एवढं जुळलं तर रंग तपकिरी, करडा, शेवाळी, काळा यांपैकी काहीही चालून जातो. गुलाबी आणि पोपटी फ्लाय मासे पकडतात, पण बहुतेक वेळा त्या आधी माणसाला पकडतात.

किडा ओळखायला हिमाचल गाठायची गरज नाही

ट्राउटचं बहुतेक जेवण चार घराण्यांतून येतं: मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय आणि मिज. यांची पिल्लं आपल्या घाटातल्या ओढ्यांतही आहेत. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. त्या बाजूच्या, जांबोटीच्या नाहीतर आंबोलीकडून येणाऱ्या हिरण्यकेशीच्या वरच्या अंगाच्या ओढ्यावर डिसेंबर-जानेवारीत जा. पिठाची चाळणी आणि पांढरं ताट बरोबर घ्या. खळखळत्या पाण्यातला नारळाएवढा दगड अलगद उचलायचा, चाळणी त्याच्या खालच्या बाजूला धरायची, दगडाचं पोट बोटांनी चोळून प्रवाहात धुवायचं आणि चाळणीत आलेलं ताटात पालथं घालायचं. दगड पुन्हा जसा होता तसा ठेवायचा.

ताटात दिसतं ते असं. पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसासारखे हलणारे कल्ले आणि बहुधा तीन शेपट्या, ती मेफ्लायची निम्फ. नेहमी दोनच शेपट्या, जाड पाय, पायाला दोन नख्या आणि चालणं थोडं रांगड्यासारखं, ती स्टोनफ्लाय. वाळूच्या कणांची नाहीतर काटक्यांची नळी करून आत बसलेली अळी म्हणजे कॅडिस. काही कॅडिस नळीशिवाय मोकळ्याही हिंडतात. दोऱ्याच्या तुकड्यासारखी वळवळणारी बारीक अळी मिजची. एका ताटात वीस मेफ्लाय आणि एक स्टोनफ्लाय निघाली तर त्या पाण्यातला मासा काय खात असेल हे वेगळं सांगायला नको. हीच चाळणी पुढे तीर्थनवर न्यायची.

पंख फुटल्यावर ओळख आणखी सोपी होते. बसल्यावर पंख होडीच्या शिडासारखे उभे: मेफ्लाय. पाठीवर कौलारू छपरासारखे उतरते: कॅडिस. पाठीवर सपाट घडी: स्टोनफ्लाय. डासासारखं, पण चावत नाही: मिज. हे किडे एकाच वेळी शेकड्यांनी पाण्यातून वर निघतात, त्याला हॅच म्हणतात. वळवाच्या पहिल्या पावसानंतर वारुळातून पंखांची वाळवी उधळते आणि तळ्यावर पडली की मासे फक्त तेच टिपत सुटतात, हे ज्यानं पाहिलंय त्याला हॅच समजावून सांगावा लागत नाही. अशा वेळी मासा एकाच गोष्टीवर नजर लावून बसतो आणि शेजारून गेलेल्या दुसऱ्या खाण्याकडे ढुंकूनही बघत नाही.

पेटीत काय भरायचं

*पॅराशूट अ‍ॅडम्स*, १४ आणि १६ नंबर, प्रत्येकी तीन. पाण्यावर तरंगणारी, म्हणजे ड्राय फ्लाय. मूळ अ‍ॅडम्स १९२२ साली मिशिगनमध्ये लेन हॅलडे यांनी बांधली. तिचं करडं अंग कुठल्याच एका किड्याची हुबेहूब नक्कल करत नाही, आणि तेच तिचं बळ: मेफ्लायही वाटते, लहान आकारात मिजही वाटते. पॅराशूट प्रकारच घ्या. त्यात पिसाचं वेटोळं आडवं असतं, त्यामुळे फ्लाय पाण्यावर सपाट बसते आणि मधला पांढरा तुरा तुम्हाला लांबून दिसतो. फ्लाय दिसलीच नाही तर मासा लागलेला कळणार कसा?

*एल्क हेअर कॅडिस*, १४ चे तीन आणि १६ चे दोन. हिचे केस पोकळ असतात, हवा धरून ठेवतात, खळाळातही बुडत नाहीत. दुसरा फायदा नवख्याच्या पथ्यावर पडणारा. खरी कॅडिस पाण्यावर फडफडते, सरकते, त्यामुळे ही फ्लाय थोडी ओढली गेली तरी माशाला खटकत नाही. अ‍ॅडम्स ओढली गेली तर मासा पळतो.

*स्टिम्युलेटर*, १० नंबर, दोन. मोठी तरंगती फ्लाय. एकटी कमी, पण खाली निम्फ लटकवायला आधार म्हणून फार कामाची. ते पुढे येतंय.

*फेझंट टेल निम्फ*, १४ चे दोन, १६ चे चार. इंग्लंडमधल्या एव्हन नदीवर राखणदारी करणाऱ्या फ्रँक सॉयर यांनी ही दोऱ्याऐवजी बारीक तांब्याच्या तारेनं बांधली, म्हणजे बांधणी आणि वजन एकाच गोष्टीत. पायही ठेवले नाहीत, कारण पोहणारी निम्फ पाय अंगाशी घेते. बारीक, गुळगुळीत, पटकन बुडणारी. मेफ्लायच्या पाण्यात हिच्यावाचून जाऊ नका.

*हेअर्स इअर निम्फ*, १२ चे दोन, १४ चे चार. सशाच्या केसांची, विस्कटलेली, राठ. दिसायला गबाळी, पण ते सुटे केस पाण्यात हलतात आणि पाय, कल्ले सगळं भासवतात. जुनी होऊन आणखी विस्कटली की आणखी चालते. नवी कोरी असेल तर दाभणानं थोडी खरवडून घ्या.

*झेब्रा मिज*, १८ नंबर, तीन. काळा दोरा, चंदेरी तार, पुढे मणी. थंड, संथ डोहात बाकी सगळं फसल्यावर.

*पार्ट्रिज अँड ऑरेंज*, १४ नंबर, तीन. मऊ पिसाची वेट फ्लाय, म्हणजे पाण्याखाली बुडून वाहणारी. प्रवाहाला आडवी टाकून नुसती खाली वाहू द्यायची आणि दोरी ताणली की ती आपोआप वर उठते, वर निघणाऱ्या किड्यासारखी. कास्टिंग, म्हणजे रॉडनं दोरी फेकणं, अजून वेडंवाकडं होतंय अशा माणसानं पहिल्या दिवशी हीच लावावी. मासा स्वतःच दोरी ओढून सांगतो.

*वुली बगर*, काळी ८ नंबर दोन, शेवाळी १० नंबर दोन. ही किडा नव्हेच. लहान मासा, जळू, काहीही भासते. गढूळ पाणी, संध्याकाळची वेळ, खोल डोह. टाकायची, बुडू द्यायची आणि वीतभर ओढ, थांब, पुन्हा वीतभर ओढ.

निम्फ इतक्या जास्त का, तर त्या दगडांत अडकून जातात. तळाशी नीट वाहणारी निम्फ अधूनमधून अडकणारच. दिवसभरात एकही हरवली नाही तर समजा, ती तळापर्यंत पोचतच नव्हती.

वजनाचा हिशेब

बऱ्याच निम्फच्या डोक्याला भोकाचा मणी असतो. पितळी आणि टंगस्टन दिसायला सारखे, पण टंगस्टन पितळेच्या दुपटीहून जड. गुडघाभर संथ पाण्याला पितळी पुरतो; मांडीभर वेगवान पाण्याला टंगस्टन हवा. १६ नंबरला २.४ मिलिमीटरचा, १४ ला २.८ चा, १२ ला ३.३ चा मणी बसतो. प्रत्येक प्रकारच्या सहा निम्फमधल्या तीन टंगस्टनच्या घ्या आणि पेटीत वेगळ्या रांगेत ठेवा, नाहीतर पाण्याकाठी कुठली कुठली हे कळत नाही.

निम्फ दिसत नाही म्हणून वर इंडिकेटर लावतात, म्हणजे आपल्या बुचाचंच हलकं भावंड. तो फ्लायपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर ठेवा: दोन फूट पाणी, तीन फूट अंतर. वरचं पाणी तळच्या पाण्यापेक्षा जोरात वाहतं, फ्लाय तिरकी लटकते, म्हणून हे जास्तीचं अंतर. चार-पाच फेऱ्यांत एकदाही तळाचा टकटक जाणवला नाही तर लीडरवर (जाड दोरीपुढचा निमुळता बारीक दोरा), फ्लायच्या १५ ते २० सेंटिमीटर वर, एक बारीक छर्रा चिमटा. प्रत्येक फेरीत अडकत असेल तर काढा. एका वेळी एकच छर्रा, घाईनं तीन नाही.

उथळ पाण्यात इंडिकेटर पडण्याचा आवाज मासा बुजवतो. तिथे स्टिम्युलेटर लावायची, तिच्या हुकाच्या बाकाला ४५ ते ६० सेंटिमीटर टिपेट (लीडरच्या टोकाला लागणारा सगळ्यात बारीक दोरा) बांधायचं आणि त्याच्या टोकाला १६ ची फेझंट टेल. वरची फ्लाय बुडाली, थबकली किंवा बाजूला सरकली की रॉड उचलायचा. वरची अ‍ॅडम्स आणि खाली टंगस्टन अशी जोडी लावू नका; नाकापेक्षा मोती जड होतो आणि दोन्ही बुडतात.

टिपेट चुकलं की फ्लाय चुकते

चांगली फ्लाय जाड दोऱ्याला बांधली तर ती काडीला चिकटवल्यासारखी वागते. साधा हिशेब: हुकाच्या नंबराला तीननं भागा, येईल तो टिपेटचा एक्स, म्हणजे जाडीचा नंबर; एक्स जितका मोठा तितका दोरा बारीक. १२ ला ४ एक्स, १६ ला ५ एक्स, १८ ला ६ एक्स. १४ ला ५ एक्सच बांधा. ४ एक्स म्हणजे साधारण ०.१८ मिलिमीटर, ५ एक्स ०.१५, ६ एक्स ०.१३. नऊ फुटी ५ एक्स लीडर आणि ४ व ५ एक्सची रिळं घेतली की सुरुवातीचं भागतं, १८ साठी ६ एक्सचं एक. वुली बगरला मात्र ३ एक्स हवं, कारण ओढताना घेतलेल्या फ्लायवर मासा धाडकन बसतो.

उलटी चूकही होते. बारीक टिपेटवर मोठी फुललेली फ्लाय लावली की ती हवेत भिंगरीसारखी फिरते आणि टिपेटला पीळ बसतो. टिपेटला असे पीळ दिसले तर फ्लाय त्या दोऱ्याला मोठी आहे.

गाठ क्लिंचची: हुकाच्या डोळ्यातून ओवून दोऱ्याभोवती पाच वेढे, टोक डोळ्याजवळच्या फटीतून आणि मग तयार झालेल्या मोठ्या फासातून, थुंकीनं ओली करून हळूच आवळायची. कोरडी आवळली तर घर्षणानं नायलॉन भाजतं आणि तिथेच तुटतं. मासा गेला आणि दोऱ्याचं टोक केसासारखं कुरळं आलं असेल तर गाठ सरकली; सरळ तुटलेलं असेल तर दोरा.

पाण्याकाठी पहिली पंधरा मिनिटं

रॉड जोडायच्या आधी बसून बघा. माशाचं तोंड दिसलं आणि मागे बुडबुडा राहिला तर तो वरचा किडा घेतोय: अ‍ॅडम्स. पाठ आणि शेपूट दिसली, तोंड नाही, बुडबुडाही नाही, तर तो पृष्ठभागाच्या खाली दोन बोटांवर घेतोय: पार्ट्रिज अँड ऑरेंज, किंवा मण्याशिवायची फेझंट टेल. सपकन पाणी उडवून घेत असेल तर बहुधा कॅडिस. वर काहीच हालचाल नाही, पण तळाशी अधूनमधून चकाकतंय, तर निम्फ. काहीच कळत नाही, असंही अर्ध्या वेळा होतं. तेव्हा स्टिम्युलेटर-फेझंट टेल जोडीनं सुरू करा, दोन थर एकदम तपासले जातात.

मग दगड उचला, ताट बघा, फ्लाय किड्याशेजारी ठेवून नंबर जुळवा. दोन नंबरांत घोळ असेल तर लहान फ्लाय घ्या.

यानंतर नवख्याची सगळ्यात महागडी सवय सुरू होते: दर पाच मिनिटांनी फ्लाय बदलणं. मासा घेत नाही याचं कारण बहुतेक वेळा फ्लाय नसतेच, ड्रॅग असतो. तुमची दोरी वेगवान धारेवर पडते, फ्लाय संथ पाण्यावर असते, दोरी फ्लायला खेचते आणि फ्लाय पाण्यापेक्षा जोरात पळायला लागते. खरा किडा तसा पळत नाही. तपासायची युक्ती सोपी: फ्लायच्या शेजारचा फेसाचा एखादा बुडबुडा धरा. फ्लाय आणि बुडबुडा बरोबरीनं चालले तर ठीक. फ्लाय पुढे गेली किंवा मागे राहिली, किंवा तिच्यामागे इंग्रजी व्हीसारखी रेघ उमटली, तर दोरीचं पोट मनगटानं उचलून वरच्या प्रवाहाकडे टाका. मासा जवळ असेल तर लांब टाकायचा हव्यास सोडा. वीस फुटांवरचं ड्रॅगशिवायचं वाहणं पन्नास फुटांवरच्या सुंदर कास्टपेक्षा जास्त मासे देतं.

म्हणून बदल करायचे ते या क्रमानं: उभं राहायची जागा, मग खोली किंवा वजन, मग फ्लायचा नंबर, आणि सगळ्यात शेवटी फ्लायचा प्रकार. एका धारेत पाच स्वच्छ फेऱ्या झाल्या आणि काही नाही, तर दोन पावलं वर सरका. मासा वर आला, फ्लायपाशी नाक आणलं आणि फिरला, तर प्रकार बरोबर आहे, आकार मोठा आहे; एक पायरी लहान फ्लाय लावा, म्हणजे १४ च्या जागी १६. एकदा घेऊन सोडली तर हुकाचं टोक बघा, दगडाला लागून बोथटलं असेल.

ड्राय फ्लाय बुडायला लागली तर तिला दोष देऊ नका. फ्लोटंटचा, म्हणजे फ्लाय तरंगती ठेवणारा, जेल कोरड्या फ्लायलाच, तोही तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा, बोटावर पसरून लावायचा. ओल्या फ्लायवर जेल लावला की पाणी आतच कोंडतं. माशाच्या तोंडातून निघालेली चिकट फ्लाय आधी पाण्यात खळबळून धुवा, रुमालात दाबा, मग पुन्हा लावा.

विकत घेताना

‘शंभर फ्लाय, पेटीसकट’ असले स्वस्त संच ऑनलाइन मिळतात. त्यात निम्म्याहून जास्त १० नि १२ नंबरच्या भडक ड्राय फ्लाय असतात आणि कामाच्या निम्फ चार-सहा. हुक मऊ लोखंडाचे. घ्यायच्या तर सुट्या घ्या आणि चार गोष्टी तपासा. हुकाचं टोक अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवून हलकेच ओढा. रुतलं पाहिजे, घसरलं तर बोथट. पकडीत धरून बाक थोडा उघडा. चांगला हुक उसळून परत येतो, वाईट तसाच वाकडा राहतो. डोळ्यातून टिपेट जातंय का बघा, डिंकानं बुजलेले डोळे फार, आणि थंडीत बधिर बोटांनी ते सुईनं उकरणं म्हणजे शिक्षा. आणि पिसाचं वेटोळं नखानं ढकला. फिरलं तर दोन माशांत सुटणार.

हुकावरचा उलटा काटा घरीच पकडीनं दाबून सपाट करा. मासा सोडायला सोपं, आणि स्वतःच्या कानात फ्लाय रुतली तर, जी कधी ना कधी रुततेच, ती तुम्हीच काढू शकता. चष्मा आणि टोपी घातल्याशिवाय कास्ट करू नका.

घरी बांधायची हौस असेल तर बेळगावात सामान हाताशी आहे. मोटार वाइंडिंगवाल्याकडे ०.१ ते ०.२ मिलिमीटरची तांब्याची तार तुकड्यांत मिळते. शहापूर-वडगावच्या मागवाल्यांकडचा उरलेला जरीचा धागा निम्फच्या अंगावर वेढे द्यायला चालतो. गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं वेट फ्लायला आणि बगरला ठीक, ड्राय फ्लायला मात्र मऊ पडतात. खानापूरच्या रानातला रानकोंबडा दिसला तर नुसता बघा. त्याच्या मानेची ठिपक्यांची पिसं जगभर फ्लाय बांधणाऱ्यांना हवी असतात, पण वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पक्षी संरक्षित आहे.

सराव आणि सांभाळ

सहलीआधी महिनाभर मैदानावर, हुक तोडलेली फ्लाय किंवा लोकरीचा गोंडा लावून रोज वीस मिनिटं कास्ट करा. मग तलावावर. चिलापी १२ नंबरची हेअर्स इअर आणि काळी वुली बगर छान घेते, आणि तिच्यावर निम्फचा सूक्ष्म थबका ओळखायचा सराव होतो. बरेच तलाव ठेक्यानं दिलेले असतात, ठेकेदाराला आधी विचारा. राकसकोपसारख्या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर विनापरवाना जाऊ नका.

परत आल्यावर पेटी उघडी टाकून फ्लाय रात्रभर पंख्याखाली वाळवा. ओली फ्लाय बंद पेटीत ठेवली तर शेजारच्या दहांना गंज चढवते, आणि बेळगावच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत तर आठवड्यात. फ्लाय रोवायला कुंद्याच्या रिकाम्या प्लास्टिक डब्यात चपलेच्या सोलचा फोम कापून बसवला तरी चालतो. सोबत सिलिका जेलची पुडी. बांधायच्या पिसांना कसर लागते, म्हणून ती वेगळ्या काचेच्या बरणीत, डांबराच्या गोळीसह. फ्लायच्या डब्यात गोळी टाकू नका. तिच्या वाफेनं काही प्लास्टिक मऊ पडतं आणि फ्लाय तळाला चिकटून बसतात.